मॉर्मन पंथाची सृष्टिकथा : शब्दार्थ की रूपक?



धर्मग्रंथातले वाक्य कसे वाचावे, हा प्रश्न प्रत्येक धर्माला कधी ना कधी पडलेला आहे. आपल्याकडच्या शास्त्रकारांनी त्यासाठी 'वाच्यार्थ' आणि 'लक्ष्यार्थ' असे दोन शब्द करून ठेवले. 'गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे' हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. पाण्याच्या प्रवाहावर वस्ती होत नाही. तेव्हा 'गंगेवर' म्हणजे 'गंगेच्या काठी' असे समजावयाचे. येथे भांडण नाही, कारण अर्थ बदलल्याने कोणाचे काही जात नाही. पण जेथे एका वाक्याचा अर्थ बदलला की सगळ्या श्रद्धेचा पाया हलेल असे भय वाटते, तेथे हेच काम कठीण होऊन बसते. अमेरिकेतील मॉर्मन पंथात जगाच्या उत्पत्तीच्या कथेवरून असा वाद शंभराहून अधिक वर्षे चालत आलेला आहे. त्याची हकीकत आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

कामगार संघटनेतल्या माणसाने ह्या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, आमचे निम्मे काम शब्द वाचण्याचेच असते. करारात 'दिवस' असा शब्द असला आणि त्याची व्याख्या नसली, तर तो दिवस म्हणजे आठ तासांची पाळी, की मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचे चोवीस तास, ह्यावर महिनोन्महिने खल चालतो. त्या खलात एक गोष्ट शिकावयास मिळते. कोणताही पक्ष सबंध करार अक्षरशः वाचीत नाही, आणि कोणताही पक्ष तो सबंध आशयाने वाचीत नाही. काही कलमांत अक्षर धरले जाते, काहींत आशय. तेव्हा विचारावयाचे ते हे की, कोणते कलम कसे वाचावयाचे हे ठरवितो कोण, आणि वेगळे वाचणाऱ्याला किंमत काय मोजावी लागते? हाच प्रश्न मनाशी ठेवून आपण मॉर्मनांकडे पाहू.

पंथाची ओळख

ह्या पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ. त्याचा जन्म १८०५ साली व्हर्माँट प्रांतात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. १८३० साली त्याने 'मॉर्मनचा ग्रंथ' प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क प्रांतात आपला पंथ स्थापन केला. बायबल हे ईश्वरी वचन खरेच, परंतु ईश्वर आजही संदेष्ट्यांशी बोलतो आणि नवी वचने देतो, ही ह्या पंथाची मूळ भूमिका होय. शेजाऱ्यांशी तंटे होत होत हे लोक पश्चिमेकडे सरकत गेले. १८४४ साली इलिनॉयमधील कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथला ठार केले. पुढे ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली १८४७ साली ते सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले आणि युटा हा त्यांचा मुलूख झाला. पंथाचे पूर्ण नाव 'अखेरच्या दिवसांतील संतांचे येशू ख्रिस्ताचे चर्च' असे आहे, आणि तेच वापरावे असा आग्रह त्यांच्या अध्यक्षांनी २०१८ साली धरला. मी मॉर्मन हा शब्द वापरतो तो केवळ परिचयाचा म्हणून. त्यात अनादर नाही. आज जगभर ह्या चर्चचे सभासद एक कोटी सत्तर लाखांच्या वर आहेत.

आपल्या भागाशीही ह्या पंथाचा थोडा संबंध आलेला आहे. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा त्यांचा स्कॉटिश प्रचारक मुंबईत आला आणि पुढे पुण्यास जाऊन त्याने एक छोटीशी मंडळीही जमविली. ती टिकली नाही.

एक कथा नव्हे, चार

बायबलच्या पहिल्या पुस्तकाला मराठीत 'उत्पत्ती' म्हणतात. त्याचे पहिले दोन अध्याय शेजारी ठेवून वाचले तर एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या अध्यायात सहा दिवसांची क्रमवार निर्मिती आहे. उजेड, अंतराळ, जमीन व वनस्पती, सूर्यचंद्र, जलचर व पक्षी, जनावरे, आणि शेवटी माणूस, पुरुष व स्त्री मिळून. दुसऱ्या अध्यायात मात्र मातीपासून पुरुष आधी घडविला जातो, त्यानंतर बागेतली झाडे, त्यानंतर पशुपक्षी, आणि शेवटी त्याच्या फासळीपासून स्त्री. क्रम एक नाही. ही अडचण सर्वच ख्रिस्ती पंथांना आहे.

मॉर्मनांची गोष्ट ह्याहून निराळी, कारण त्यांच्याकडे आणखी कथा आहेत. १८३० च्या जूनपासून जोसेफ स्मिथने बायबलची सुधारलेली प्रत तयार करावयास घेतली. तिच्यातून 'मोशेचे पुस्तक' निर्माण झाले. त्यात ईश्वर स्वतः प्रथमपुरुषी सृष्टीची हकीकत सांगतो. त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी आहेत. एक अशी की, असंख्य जगे निर्माण झालेली आहेत आणि मोशेला सांगितली जात आहे ती फक्त ह्या एका पृथ्वीची हकीकत. दुसरी अशी की, पृथ्वीवर येण्यापूर्वी सर्व वस्तू आत्मिक रूपाने निर्माण झाल्या होत्या. बायबलातील दोन अध्यायांचा क्रम का जुळत नाही, ह्याचे उत्तर पुष्कळ मॉर्मन येथे शोधतात. पहिला अध्याय आत्मिक निर्मितीचा, दुसरा भौतिक निर्मितीचा, असे ते म्हणतात.

तिसरी कथा 'अब्राहामाच्या पुस्तकात' आहे. १८३५ साली स्मिथने व त्याच्या सहकाऱ्यांनी एका फिरत्या प्रदर्शनवाल्याकडून इजिप्तमधील ममी आणि पपायरसच्या गुंडाळ्या विकत घेतल्या. त्यांवरून आपण भाषांतर केले, असे सांगून स्मिथने १८४२ साली हे पुस्तक छापले. गुंडाळ्यांचे काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सापडले आणि १९६७ साली ते चर्चला परत मिळाले. इजिप्तविद्येच्या पंडितांनी ते वाचले, तेव्हा त्यांत मृतांच्या उत्तरक्रियेचा मजकूर निघाला. अब्राहामाची कथा त्यांत नव्हती. ही गोष्ट चर्चने २०१४ साली स्वतःच्या निबंधात मान्य केली. भाषांतर ह्या शब्दाचा अर्थ स्मिथच्या बाबतीत व्यापक घ्यावा, असे त्या निबंधाचे म्हणणे. म्हणजे शब्दार्थाचा प्रश्न कथेपुरता राहिला नाही. कथा आली कोठून ह्या प्रश्नालाही तो जाऊन भिडला.

अब्राहामाच्या पुस्तकातील सृष्टिकथा फार वेगळी आहे. तेथे एक ईश्वर नसून अनेक देव मिळून विचार करतात, योजना आखतात आणि मग पृथ्वीची रचना करतात. 'निर्माण केले' ह्या जागी 'रचले', 'घडविले' असे शब्द येतात. देव आज्ञा देतात आणि आपण सांगितलेले घडून येईपर्यंत पाहत राहतात. 'दिवस' ह्या जागी बहुतेक ठिकाणी 'वेळ' असा शब्द आहे.

चौथी कथा मंदिरात सांगितली जाते. दीक्षेच्या विधीत सृष्टीचा व आदाम-हव्वेचा प्रसंग नाट्यरूपाने दाखवितात. पूर्वी तो माणसे करून दाखवीत. १९५५ साली स्वित्झर्लंडमधील मंदिरापासून त्याचा चित्रपट दाखविण्याची सुरुवात झाली. तेथे बसलेल्या प्रत्येकाने स्वतःला आदामाच्या किंवा हव्वेच्या जागी कल्पावयाचे असते. म्हणजे विधीपुरती तरी ती कथा प्रत्येकाची होते, आणि रूपकाचा दरवाजा मंदिरातच उघडा असतो.

चार कथा, चारांत फरक. अशा वेळी 'ग्रंथात लिहिले आहे तसेच घडले' असे म्हणणाराला आधी सांगावे लागते की, कोणत्या ग्रंथात?

अक्षर कोठे, रूपक कोठे

ह्या पंथातील शब्दार्थ आणि रूपक ह्यांची वाटणी इतर ख्रिस्ती लोकांच्या वाटणीहून बरीचशी उलटी आहे.

ईश्वराने माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. बहुतेक ख्रिस्ती धर्मपंडित ह्याचा अर्थ रूपकाने घेतात. ईश्वराला शरीर नाही. तेव्हा प्रतिरूप म्हणजे बुद्धी, विवेक, नीती. मॉर्मन मात्र हे वाक्य अक्षरशः घेतात. ईश्वरपित्याला माणसासारखे मांस व अस्थी असलेले शरीर आहे, अशी शिकवण स्मिथने १८४३ साली दिली.

उलट, शून्यातून सृष्टी झाली हे इतर ख्रिस्ती पंथांचे जुने मत. ते मॉर्मनांना मान्य नाही. मूलद्रव्ये अनादी आहेत आणि ईश्वराने त्यांची रचना केली, असे ते मानतात. १८४४ च्या एप्रिलमध्ये, मृत्यूच्या अडीच महिने आधी, स्मिथने एका मोठ्या सभेत हेच मत विस्ताराने सांगितले. सुतार जसा लाकूड निर्माण करीत नाही, असलेल्या लाकडाचे काम करतो, तशी ही कल्पना. नियमांनुसार, काळ घेऊन, असलेल्या द्रव्यातून घडलेली सृष्टी ही कल्पना विज्ञानाला त्या मानाने जवळची आहे. मॉर्मन कुटुंबांतून इतके भूगर्भशास्त्रज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ का निघाले, ह्याचे एक कारण मला येथे दिसते.

आणि फासळी? इतर पंथांतील कर्मठ मंडळी ती अक्षरशः मानतात. मॉर्मन नेत्यांनी मात्र ती फार पूर्वीच सोडून दिली. विटा पाडतात तसा आदाम मातीचा पाडला, ही गोष्ट आपण मानीत नाही, असे ब्रिगहॅम यंग १८५० च्या दशकात व्यासपीठावरून उघड सांगत असे. पंथाचे अध्यक्ष स्पेन्सर किंबल ह्यांनी १९७६ साली लिहिले की, फासळीची कथा अर्थातच लाक्षणिक आहे. एवढेच काय, उत्क्रांतिवादाला सर्वांत कडवा विरोध करणारे प्रेषित ब्रूस मॅकाँकी ह्यांनीही १९५८ सालच्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात फासळी लाक्षणिकच मानली. त्याच मॅकाँकींनी १९८० साली उत्क्रांतिवादाची गणना सात घातक पाखंडांत केली.

'दिवस' ह्या शब्दाचेही तसेच. चोवीस तासांचा दिवस मॉर्मनांत फारसा कोणी धरीत नाही. काहींनी एक दिवस म्हणजे एक हजार वर्षे असे मानले, कारण अब्राहामाच्या पुस्तकात ईश्वराच्या सान्निध्यातील कोलोब नावाच्या ताऱ्याचे एक आवर्तन हजार वर्षांचे सांगितलेले आहे. इतरांनी दिवस म्हणजे अनिश्चित दीर्घ युग मानले. १९८२ च्या लेखात मॅकाँकींनीही तेच म्हटले. ब्रिगहॅम यंग तर १८७१ साली म्हणाला की, पृथ्वी सहा दिवसांत झाली की तितक्याच दशलक्ष वर्षांत, हा माणसांच्या तर्काचाच विषय आहे, आणि आपला धर्म विज्ञानाच्या सिद्ध गोष्टींशी भांडत नाही.

मग भांडण उरले कोठे? फासळी सोडली, माती सोडली, चोवीस तास सोडले, शून्यही सोडले. एक गोष्ट मात्र सोडता येईना. ती म्हणजे मृत्यू.

मृत्यूचे कलम

मॉर्मनच्या ग्रंथात असे सांगितले आहे की, आदामाने आज्ञाभंग केला नसता तर तो बागेतच राहिला असता, सर्व वस्तू निर्मितीच्या वेळी होत्या तशाच कायम राहिल्या असत्या आणि आदाम-हव्वेला मुलेबाळे झाली नसती. म्हणून ह्या पंथात आदामाचे पतन हे केवळ पाप मानीत नाहीत. मानवजातीला जन्म घेण्यासाठी ते अवश्य पाऊल होते, असे मानतात, आणि हव्वेचा दोष काढण्याऐवजी तिचा सन्मान करतात. ही उदात्त कल्पना आहे. परंतु सर्व वस्तू तशाच राहिल्या असत्या ह्याचा अक्षरशः अर्थ घेतला, तर आदामाच्या पतनापूर्वी पृथ्वीवर कोणालाच मरण नव्हते असे होते. ना माणसाला, ना जनावराला, ना झाडाला.

आणि युटाच्या जमिनीत तर मेलेल्या प्राण्यांची हाडे गच्च भरलेली! १९०९ च्या ऑगस्टमध्ये अर्ल डग्लस नावाच्या संशोधकाला युटाच्या ईशान्य भागात एका प्रचंड डायनोसॉरच्या शेपटीचे मणके सापडले. तेथील खडक सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचे. १९१५ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. त्याच १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये पंथाच्या प्रथम अध्यक्षमंडळाने माणसाच्या उगमाविषयी जाहीर निवेदन काढले. आदाम हा सर्व मानवांतील पहिला माणूस, आणि माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला ही माणसांची कल्पना आहे, असा त्याचा सारांश. पृथ्वीचे वय किती, आदामापूर्वी प्राणी मरत होते की नाही, ह्यांवर मात्र निवेदनाने निर्णय दिला नाही.

मृत्यूचे हे कलम इतके जड का, हे नीट समजून घेतले पाहिजे, नाहीतर कर्मठ पक्षावर अन्याय होईल. त्यांचा युक्तिवाद साखळीसारखा आहे. आदामाच्या पतनाने मृत्यू आला. ख्रिस्ताने प्रायश्चित्त करून मृत्यूवर विजय मिळविला. पतन खरे नसेल, तर प्रायश्चित्त कशाचे? आदाम रूपक असेल, तर तारण करणाराही रूपकच का नसावा? शिवाय आदाम ह्या पंथात हवेतला पुरुष नाही. मिसुरी प्रांतात एका जागेला स्मिथने १८३८ साली आदामाचे नाव दिले, आदामाने वृद्धपणी आपल्या वंशजांना तेथे जमविले असे सांगितले. मॉर्मन लोक आपल्या पूर्वजांच्या वंशावळी जमवितात त्याही आदामापर्यंत जोडल्या जाव्यात ह्या हेतूने. अशा माणसाला 'आदाम हे केवळ प्रतीक' असे सांगणे म्हणजे त्याच्या कुटुंबाच्या साखळीची पहिली कडी काढून घेणे होय. हे भय पोकळ म्हणून हसण्यावारी नेता येत नाही.

किंमत कोणी मोजली

वादाची पहिली किंमत शिक्षकांनी मोजली. प्रोव्हो येथे पंथाचे ब्रिगहॅम यंग विद्यापीठ आहे. जोसेफ व हेन्री पीटरसन हे बंधू आणि राल्फ चेंबरलिन हे तेथील तरुण प्राध्यापक मोठ्या विद्यापीठांतून शिकून आलेले. उत्क्रांतिवाद आणि बायबलचा ऐतिहासिक अभ्यास ह्यांचा धर्माशी मेळ बसू शकतो, असे ते विद्यार्थ्यांना शिकवू लागले. तक्रारी गेल्या, चौकशी झाली, आणि १९११ साली त्यांना विद्यापीठ सोडावे लागले. विद्यार्थ्यांनी त्यांच्या बाजूने सह्यांचा अर्ज काढला. त्याचा उपयोग झाला नाही. त्याच वर्षी पंथाचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ ह्यांनी लिहिले की, उत्क्रांतिवादात कितपत तथ्य आहे हे ठरविण्याचा आमचा हेतू नाही, परंतु चर्चच्या शाळांतून ही चर्चा नको.

ह्यातला विरोध श्रोत्यांच्या ध्यानात आला असेलच. सिद्धांताचा निकाल लागलेला नाही असे म्हणावयाचे, आणि शिकविणाऱ्याचा निकाल मात्र लावून टाकावयाचा! संस्थेच्या दृष्टीने त्यात शांतता होती. ज्यांच्या घरची चूल त्या पगारावर चालत होती त्यांच्या दृष्टीने त्यात शांतता नव्हती.

दुसरा प्रसंग १९३०-३१ चा. ह्यातील मुख्य पुरुष बी. एच. रॉबर्ट्स. ह्यांचा जन्म १८५७ साली इंग्लंडातील वॉरिंग्टन येथे. दारिद्र्यात वाढलेला हा मुलगा १८६६ साली बहिणीबरोबर अमेरिकेची मैदाने तुडवीत युटाला पोहोचला. बालपणी शाळा जवळजवळ नाहीच. खाणीत काम केले, लोहाराकडे उमेदवारी केली, वाचावयास उशिरा शिकला आणि मग वाचीत सुटला. पुढे सॉल्ट लेकच्या विद्यापीठातून पदवी घेऊन तो पंथाच्या सत्तरांच्या मंडळीतील एक प्रमुख आणि पंथाचा नामांकित इतिहासकार झाला. भात्यापाशी उभे राहून शिकलेल्या माणसाविषयी मला आपलेपणा वाटतो हे मी लपवीत नाही. तथापि त्याचे म्हणणे त्याच्याच बळावर तपासले पाहिजे.

आयुष्याच्या अखेरीस रॉबर्ट्सने एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने असे मांडले की, आदामाच्या पूर्वी पृथ्वीवर प्राणी आणि मानवसदृश जाती युगानुयुगे जगल्या व मेल्या. नंतर आदाम आला आणि त्याच्यापासून ग्रंथांतली हकीकत सुरू झाली. म्हणजे आदाम खरा, पतनही खरे, आणि जमिनीतली हाडेही खरी. छाननीमंडळाने हा भाग गाळावयास सांगितले. रॉबर्ट्सने नकार दिला. तशात एप्रिल १९३० मध्ये प्रेषित जोसेफ फील्डिंग स्मिथ ह्यांनी, म्हणजे मघाच्या अध्यक्षांच्या पुत्रांनी, एका सभेत जाहीर केले की, आदामापूर्वी माणूस नव्हता आणि पतनापूर्वी मृत्यू नव्हता. ते भाषण छापूनही आले. रॉबर्ट्सने हरकत घेतली. हे एका प्रेषिताचे मत की चर्चचा निर्णय, असा त्याचा सवाल होता. जानेवारी १९३१ मध्ये दोघांनी बारा प्रेषितांपुढे आपापले म्हणणे मांडले.

एप्रिलमध्ये प्रथम अध्यक्षमंडळाने दिलेला निर्णय महत्त्वाचा आहे. दोन्हींपैकी कोणतेच मत चर्चचा सिद्धांत नाही. भूगर्भशास्त्र, जीवशास्त्र, मानववंशशास्त्र हे विषय त्या त्या शास्त्राच्या संशोधकांवर सोपवावे, आत्म्याच्या उद्धाराशी त्यांचा संबंध नाही. आपण आपले काम करावे. हे शहाणपणाचे बोलणे होते. पण त्याचा परिणाम असा की, दोघांनाही गप्प बसावयास सांगितले गेले, आणि त्यांतल्या एकाचे भाषण आधीच छापून गेलेले होते. ही बाब प्रेषित जेम्स टालमेज ह्यांना खटकली. ते स्वतः भूगर्भशास्त्रज्ञ. ऑगस्ट १९३१ मध्ये सॉल्ट लेकच्या प्रार्थनामंदिरात त्यांनी व्याख्यान दिले. खडकांतील अवशेष सांगतात त्याप्रमाणे वनस्पती आणि प्राणी माणसापूर्वी युगानुयुगे जगले आणि मेले, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. माणूस पशूंपासून उतरला हे मात्र त्यांनी नाकारले. चर्चने ते व्याख्यान पुस्तिकारूपाने छापले. १९३३ साली टालमेज आणि रॉबर्ट्स दोघेही वारले. रॉबर्ट्सचा ग्रंथ हस्तलिखितातच राहिला; तो छापला गेला १९९४ साली, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर ६१ वर्षांनी.

पुस्तक बाजारात, खुलासा पाकिटात

जोसेफ फील्डिंग स्मिथ मात्र दीर्घायुषी होते. १९५४ साली त्यांनी माणसाच्या उगमावर एक ग्रंथ काढून उत्क्रांतिवाद आणि पृथ्वीचे प्राचीन वय ह्यांवर कडाडून हल्ला चढविला. ते वरिष्ठ प्रेषित. त्यांचे पुस्तक म्हणजे चर्चचेच मत, असे सामान्य वाचकाने समजावे ह्यात नवल नाही. त्या वेळचे अध्यक्ष डेव्हिड मॅके ह्यांचे मत तसे नव्हते. युटा विद्यापीठाचे भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम ली स्टोक्स ह्यांना १९५७ साली त्यांनी पत्राने कळविले की, उत्क्रांतीवर चर्चने अधिकृत भूमिका घेतलेली नाही आणि ते पुस्तक चर्चने प्रसिद्धही केलेले नाही, मंजूरही केलेले नाही. परंतु हे कळविले खाजगी पत्रातून. पुस्तक दुकानात, खुलासा पाकिटात! आमच्या चळवळीतला कोणीही माणूस सांगेल की, सूचनाफलकावर लागलेला कागद आणि खोलीत बोलावून दिलेले तोंडी आश्वासन ह्यांचे वजन सारखे नसते. संस्था जेव्हा 'आम्ही कोणत्याच बाजूचे नाही' असे म्हणते, तेव्हा छापखाना कोणाच्या हाती आहे हे पाहावे लागते.

तरीही त्या काळात श्रद्धा आणि शास्त्र दोन्ही सांभाळून वावरणारी माणसे होती. रासायनिक क्रियांच्या वेगाचा सिद्धांत १९३५ साली मांडणारे हेन्री आयरिंग हे निष्ठावान मॉर्मन. पृथ्वी अतिप्राचीन आहे हे ते उघड मानीत. जोसेफ फील्डिंग स्मिथ ह्यांच्याशी त्यांनी पत्रव्यवहार केला, भेटून चर्चा केली. मत पटले नाही, पण दोघांनीही एकमेकांना पंथाबाहेर काढण्याची भाषा केली नाही. अर्थात, आयरिंग युटा विद्यापीठात, म्हणजे प्रांताच्या सरकारी विद्यापीठात नोकरीस होते. त्यांचा पगार चर्चकडून येत नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

आजची स्थिती

१९९२ साली ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने ह्या विषयावरील अधिकृत निवेदने एकत्र करून विद्यार्थ्यांसाठी एक संच तयार केला. त्यात १९०९ चे निवेदन आहे आणि १९२५ चेही. ह्या दुसऱ्या निवेदनात पहिल्यातीलच मजकूर थोडक्यात घेतला होता; पण उत्क्रांतीला माणसांची कल्पना म्हणणारा भाग त्यातून गळाला होता. ते निवेदन निघाले त्या वर्षी टेनेसी प्रांतात उत्क्रांती शिकविल्याबद्दल एका शिक्षकावर खटला गाजत होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या गाळण्याचे महत्त्व कळते. जेथून १९११ साली प्राध्यापक गेले त्याच विद्यापीठात आज जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांती रीतसर शिकवितात. चर्चच्या तरुणांसाठीच्या मासिकाने २०१६ साली स्पष्ट छापले की, उत्क्रांतिवादावर चर्चची अधिकृत भूमिका नाही. १९५७ साली पाकिटातून गेले ते ५९ वर्षांनी मासिकात आले.

आजचा विचारी मॉर्मन बहुधा असे म्हणतो : आदाम-हव्वा खरे होते, पतन खरे होते, ख्रिस्ताचे तारण खरे आहे, आदामाचे शरीर कोणत्या रीतीने घडले हे सांगितलेले नाही, फासळी, फळ, दिवस हे शब्द लाक्षणिक असू शकतात. दुसरा मॉर्मन त्याच बाकावर बसून पतनापूर्वी मृत्यू नव्हता असे मानतो. दोघेही त्याच मंदिरात जातात, दोघेही सभासद आहेत.

ह्या सगळ्यातून मी काय घेतले ते सांगून थांबतो. अक्षरवादी आणि रूपकवादी अशा दोन छावण्या मुळात नाहीत. मॅकाँकी फासळीला रूपक म्हणतात आणि मृत्यूला अक्षर. टालमेज मृत्यूच्या बाबतीत खडकांचे ऐकतात आणि आदामाच्या बाबतीत ग्रंथाचे. प्रत्येकाने रेषा ओढलेली आहे, फक्त निरनिराळ्या जागी. म्हणून 'सगळे अक्षरशः माना, नाहीतर सगळे सोडा' असे कोणी तरुण मुलाला सांगत असेल, तर सांगणाराने स्वतः ते केव्हाच पाळलेले नाही. ही सक्ती ऐकून जो मुलगा हाडे पाहतो आणि श्रद्धाही सोडून निघून जातो, त्याला हे कोणी वेळेवर सांगितले असते तर बरे झाले असते.

रेषा कोठे ओढावी हे मी बाहेरच्या माणसाने त्यांना सांगू नये. ती त्यांची घरची गोष्ट. परंतु १९३१ चा निर्णय चांगला असूनही त्याचे फळ इतक्या उशिरा का मिळाले, हे पाहण्यासारखे आहे. ज्या प्रश्नाचा निकाल लागलेला नाही, तो लागलेला नाही हे जाहीरपणे, फलकावर लावून सांगावे. आणि निकाल लागेपर्यंत वेगळे वाचणाऱ्याची भाकरी काढून घेऊ नये. एवढे केले असते तर पीटरसन बंधू आणि चेंबरलिन आपल्या वर्गात राहिले असते आणि रॉबर्ट्सला आपला ग्रंथ छापलेला पाहता आला असता. हा नियम ग्रंथ कोणताही असो, संस्था कोणतीही असो, लागू पडावा असे मला वाटते.